पेशीतलं काय काढून टाकलं तर चालेल?

चौकस

पेशीची आकृती शाळेत सगळ्यांनीच काढलेली असते. मध्ये केंद्रक, आजूबाजूला तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया), आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, एका कडेला लयकारिका आणि प्रत्येकापासून पट्टीने ओढलेली रेघ. नावे द्या, कार्ये लिहा, गुण पाच. पण मला जो प्रश्न कायम पडायचा तो परीक्षेत कधी आलाच नाही. यातलं काय काढलं तर पेशी मरेल, आणि काय काढलं तरी तिचं फारसं अडणार नाही?

माझं मत आधीच सांगून टाकतो. केंद्रक आणि तंतुकणिका गेल्या की खेळ खलास. रायबोझोमही हवेतच, प्रथिनं तेच बनवतात. गॉल्गी, लयकारिका, पेरॉक्सिझोम ही मंडळी असली तर उत्तम, नसली तरी भागेल. जाणकारांनी खोडून काढावं. फक्त "सगळंच आपापल्या जागी महत्त्वाचं असतं" असं उत्तर नको, ते मला मार्गदर्शिकेत वाचता येतं.

खोडरबर

रुमाल टाकून ठेवतो. तंतुकणिकेच्या आतल्या वळ्या काढता काढता माझ्या पेन्सिलीचं टोक दरवर्षी मोडायचं, त्यामुळे ती काढून टाकायला माझा बिनशर्त पाठिंबा.

दुसरी घंटा

चौकस, तुमच्या यादीतल्या पहिल्या तिन्ही गोष्टी नसलेली पेशी तुमच्याच अंगात आहे, आणि शरीरात संख्येने सगळ्यात जास्त तीच आहे. तांबडी रक्तपेशी. केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत, रायबोझोम नाहीत. तरी साधारण १२० दिवस फिरते.

जन्मतः ती अशी नसते. अस्थिमज्जेत असताना तिच्यात सगळा संसार असतो. हिमोग्लोबिन भरून झालं की ती केंद्रक अक्षरशः बाहेर ढकलते आणि शेजारी बसलेली भक्षक पेशी ते गिळून टाकते. मग ती रक्तात उतरते, तेव्हा तिच्यात थोडे रायबोझोम अजून उरलेले असतात. ते आम्ही प्रयोगशाळेत रोज बघतो. रक्तात न्यू मेथिलीन ब्लू हा रंग मिसळायचा, थोडा वेळ ठेवायचं, काचपट्टीवर पसरायचं आणि सूक्ष्मदर्शकाच्या तेलाच्या भिंगाखाली धरायचं. बहुतेक पेशी कोऱ्या, फिकट दिसतात. मधूनच एखादीत निळ्या ठिपक्यांची जाळी दिसते, कधी दाट गुंता, कधी नुसते दोन-तीन ठिपके. ही जाळी म्हणजे उरलेल्या रायबोझोममधला आरएनए, रंगामुळे एकत्र गोळा झालेला. जितकी जाळी विरळ तितकी पेशी जुनी. रक्तात आल्यावर दिवसा-दोन दिवसांत तीही जाते. मोठ्या माणसात शंभरात एखाद-दुसरीच अशी सापडते. पंडुरोग्यात हा आकडा वाढलेला असेल तर मज्जा कामाला लागली आहे, आणि वाढलेला नसेल तर मज्जेतच काहीतरी बिनसलंय असा डॉक्टर अर्थ काढतात.

ऊर्जेचं म्हणाल, तर ती ग्लुकोजचं लॅक्टेट करते आणि एका रेणूमागे दोन एटीपीवर (एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन) भागवते. ज्या ऑक्सिजनची ने-आण करायची तो आपण वापरायचाच नाही, असा एकूण मामला.

आडवातिडवा

हे उदाहरण दर वेळी दिलं जातं आणि मला दर वेळी ते पटत नाही. जी पेशी एकही नवीन प्रथिन बनवू शकत नाही, दुरुस्ती करू शकत नाही, विभागू शकत नाही, तिला जिवंत कशाला म्हणायचं? हिमोग्लोबिन भरलेली पिशवी म्हणा. "नसलं तरी चालतं" याचा अर्थ १२० दिवसांत मरतं असा असेल तर माझा पंखाही बटण बंद केल्यावर थोडा वेळ फिरतो.

दुसरी घंटा

@आडवातिडवा, पंखा सोडियम बाहेर फेकत नाही. तांबडी पेशी तिच्या आवरणातले पंप शेवटपर्यंत चालवते. ते थांबले तर पाणी आत शिरून ती फुगते आणि फुटते. केशवाहिनी तिच्याहून अरुंद असली तरी घडी होऊन पार होते आणि पुन्हा आकारात येते. तिच्यातलं लोह ऑक्सिजनच लागून खराब होत असतं, ते सुधारणारी विकरं (एन्झाइम) सतत कामावर असतात. हे सगळं करणाऱ्याला नुसती पिशवी म्हणणं मला जड जातं.

रानजाई

माणसाच्या बाहेर या जरा. वनस्पतींमध्ये याहून भारी प्रकार आहे.

रसवाहिनीतल्या चाळणी नलिकांच्या पेशी मोठ्या होताना केंद्रक गमावतात, रायबोझोम गमावतात, मधली मोठी रिक्तिकाही विरघळते. साखर वाहून न्यायला वाट मोकळी हवी ना. आणि तरी त्या जिवंत असतात. गळणाऱ्या पानांच्या झाडात एखादा हंगाम, पण ताडामाडासारख्या झाडांच्या खोडात कित्येक वर्षं. कारण प्रत्येकीला चिकटून एक सहपेशी असते. तिच्यात केंद्रक आहे, रायबोझोम आहेत, तंतुकणिका तर ठासून भरलेल्या. दोघींच्या मधल्या भिंतीला बारीक भोकं असतात आणि त्यातून प्रथिनं पलीकडे जातात. दोघी एकाच मातृपेशीच्या विभाजनातून झालेल्या, म्हणजे सख्ख्या बहिणी. एकीने घर चालवायचं, दुसरीने वाट मोकळी ठेवायची.

म्हणजे केंद्रक नाही, पण केंद्रकाचं काम आहेच. ते शेजारी होतंय.

खोडरबर

सहपेशीला अजून कुणी महिला दिनाच्या शुभेच्छा दिलेल्या दिसत नाहीत.

चौकस

रानजाई, हे माहीत नव्हतं, मस्तच. मग मुद्दा असा होतो का, की तांबडी पेशी पूर्वी बांधून घेतलेल्या शिदोरीवर जगते आणि चाळणी नलिका शेजारणीच्या जिवावर? म्हणजे केंद्रक "नसलं तरी चालतं" असं कुठेच नाही?

रानजाई

जवळजवळ तसंच. शिदोरीचा सगळ्यात सुंदर प्रयोग १९३०च्या दशकात जर्मनीत योआखिम हॅमरलिंग यांनी केला. ॲसिटाब्युलेरिया नावाचं समुद्री शैवाल आहे. काही सेंटीमीटर उंच, खाली मुळासारखा भाग, वर देठ आणि टोकाला छत्रीसारखी टोपी. हे सगळं मिळून एकच पेशी! केंद्रक अगदी तळाशी, मुळाच्या भागात. त्यामुळे ते काढायला सूक्ष्म हत्यार नको, कात्री पुरते.

तळ कापून टाकला तरी वरचा देठ आठवडेच्या आठवडे जगतो, प्रकाशसंश्लेषण करतो, आणि टोपी आली नसेल तर नवी टोपीसुद्धा बनवतो. केंद्रक नसताना! हॅमरलिंग यांनी म्हटलं की केंद्रकाने आधीच काहीतरी "आकार देणारं द्रव्य" वर पाठवून ठेवलेलं असणार. तेव्हा संदेशवाहक आरएनए कुणाला माहीत नव्हता. त्याचा शोध १९६१चा. मग त्यांनी एका जातीचा देठ दुसऱ्या जातीच्या तळावर बसवला. पहिली टोपी कधी अधलीमधली आली, पण ती कापून टाकल्यावर पुढची टोपी तळाच्या जातीची. म्हणजे साठा संपेपर्यंत जुन्या मालकाचं चालतं, नंतर केंद्रक सांगेल तसं.

हा प्रयोग मी वर्गात फळ्यावर चित्र काढून सांगते आणि "टोपी कोणती येईल" यावर पैजा लागतात. केंद्रकाचं कार्य पाठ करून घेण्याची गरज मग पडत नाही.

वाचनमात्र

सहसा लिहीत नाही, पण डोळ्यांशी रोजचा संबंध असल्याने राहवलं नाही.

डोळ्यातल्या भिंगाच्या तंतुपेशी याच रांगेतल्या. पारदर्शक व्हायचं तर प्रकाश विखुरणारं आत काही नको. म्हणून त्या वयात आल्या की केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, सगळं मोडून टाकतात. उरतं दाट प्रथिन, क्रिस्टलिन. नवे थर बाहेरून चढत जातात, जुने आत दाबले जातात, पण बाहेर कुणीच टाकलं जात नाही. भिंगाच्या मध्यावर ज्या पेशी आहेत त्या आपण जन्मायच्या आधीच्या.

याचा पुरावाही विलक्षण आहे. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून १९६३पर्यंत वातावरणात जे अणुस्फोट झाले, त्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ वाढला आणि तो अन्नातून सगळ्यांच्या अंगात गेला. २००८मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी मृतांच्या भिंगातल्या क्रिस्टलिनमधला कार्बन-१४ मोजला. तो माणसाच्या जन्माच्या सुमाराच्या हवेशी जुळला. म्हणजे ते प्रथिन आयुष्यभर बदललंच गेलं नाही. बदलणार कोण, बदलणारे तर कधीच मोडीत निघालेले.

आणि म्हणून मोतीबिंदू. तीच ती प्रथिनं ऊन आणि वय सोसून एकमेकांना चिकटतात, गढूळ होतात. दुरुस्तीची सोयच नाही. मग आम्ही भिंगच बदलतो.

आडवातिडवा

+१, हे उदाहरण तांबड्या पेशीपेक्षा कितीतरी चांगलं. पण माझाच मुद्दा सिद्ध होतो. काढून टाकलं की बिल येतंच. कुणाला चार महिन्यांत, कुणाला साठ वर्षांत.

पांथस्थ

केंद्रकावर पुरेसं झालं. चौकस यांच्या यादीतली दुसरी, तंतुकणिका, तिच्याकडे वळतो. जरा लांब लिहितोय, कंटाळा आला तर खाली सरका.

तंतुकणिका म्हणजे ऊर्जा, एवढंच आपण शिकतो. तसं असेल तर ऊर्जेची दुसरी सोय करून दिली की तंतुकणिका नको व्हायला हव्यात. हे करून पाहिलेलं आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस बोरिस एफ्रुसी यांना यीस्टच्या अशा वसाहती मिळाल्या ज्या खुरटत वाढायच्या आणि ज्यांना श्वसनच येत नव्हतं. नुसत्या किण्वनावर त्या मजेत होत्या. पुढे कळलं की त्यांच्या तंतुकणिकेतला डीएनए बिघडलेला किंवा गायब होता. माणसाच्या पेशीही बशीत अशा वाढवता येतात. तंतुकणिकेचा डीएनए औषधाने घालवायचा आणि माध्यमात पायरुवेट आणि युरिडिन घालायचं. युरिडिन का? कारण डीएनए-आरएनएची काही अक्षरं बनवताना एक पायरी तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर होते आणि ती श्वसनसाखळीशी जोडलेली आहे. साखळी बंद, अक्षरं बंद. "ऊर्जा" या एका उत्तरात हे कुठे बसतं?

आता खरी गंमत. या पेशींत श्वसन नाही, तंतुकणिकेचा डीएनए नाही, पण तंतुकणिका *आहेत*. रिकाम्या, सुजलेल्या, पण आहेत. पेशी त्या टाकत नाही. तसंच जिआर्डियाचं. आतड्यात राहणारा हा एकपेशीय जीव तंतुकणिका नसलेला म्हणून वर्षानुवर्षं पुस्तकांत होता. २००३मध्ये त्याच्यात तंतुकणिकांचे इवले अवशेष सापडले. ते एटीपी बनवत नाहीत. ते लोह आणि गंधकाचे छोटे पुंजके तयार करतात, जे अनेक विकरांच्या गाभ्यात लागतात. डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेलासुद्धा लागतात. म्हणजे एटीपी बाहेरून भागवता येतं, हे भागवता येत नाही.

मग तंतुकणिका अजिबात नसलेली केंद्रकवाली पेशी जगात आहे का? एक सापडली आहे. मोनोसर्कोमोनॉइड्स, चिंचिला नावाच्या प्राण्याच्या आतड्यातून आलेली. २०१६मध्ये प्रागच्या गटाने तिचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, तपासला. तंतुकणिकेचा मागमूस नाही. आणि लोह-गंधकाचं काय? त्यासाठी तिने जिवाणूंकडून वेगळीच जनुकं उचलली आहेत आणि ते काम पेशीद्रव्यात चालतं. काम सुटलेलं नाही, कंत्राटदार बदललाय.

गणितमास्तर

पांथस्थ, उत्तम. थोडी आकडेमोड जोडतो, सवय आहे.

माणसाच्या तंतुकणिकेचा स्वतःचा डीएनए १६,५६९ अक्षरांचा. त्यात ३७ जनुकं, त्यातली प्रथिनांची फक्त १३. तंतुकणिकेला लागणारी प्रथिनं हजाराहून जास्त. बाकी सगळी केंद्रकाकडून येतात. म्हणजे तंतुकणिका पूर्वी स्वतंत्र जिवाणू होती हे खरं असलं तरी आता तिला बाहेर काढून ठेवली तर एक दिवस निघणार नाही. "कोणाशिवाय कोणाचं चालतं" हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारायला हवा.

पांथस्थ

हो, आणि स्वतंत्र जिवाणूवाली कल्पना लिन मार्गुलिस यांनी १९६७मध्ये मांडली तेव्हा तो लेख डझनभराहून जास्त नियतकालिकांनी परत पाठवला होता. तशी कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही रशियात मांडली गेली होती, पण पुरावा नव्हता. १९६३मध्ये तंतुकणिकेत डीएनए दिसला आणि चित्र पालटलं.

अवांतर: काही प्रतिजैविकं जिवाणूंच्या रायबोझोमला चिकटतात. तंतुकणिकेचे रायबोझोम त्याच घराण्यातले. त्यांच्यात एक विशिष्ट उत्परिवर्तन असलेल्या माणसांना जेंटामायसिनसारखं औषध दिलं तर ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. अब्जावधी वर्षांपूर्वीचं नातं असं कानाशी येतं.

ऊर्जामित्र

सर्व वाचकांना नमस्कार. थकवा, केस गळणे, निरुत्साह? तुमच्या मायटोकॉन्ड्रिया कमजोर झाल्या आहेत! आमच्या कॅप्सूल ३० दिवसांत पेशीतील ऊर्जा दुप्पट करतात. व्यक्तिगत निरोप पाठवा.

खोडरबर

आम्ही इथे तंतुकणिका काढून टाकायच्या चर्चेत आहोत आणि हे वाढवायला निघालेत. चुकीच्या मोर्चात शिरलात दादा.

दुसरी घंटा

संपादकांना कळवलंय. बाकी दुप्पट करायच्याच असतील तर उपाय फुकट आहे. १९६७मध्ये जॉन हॉलोझी यांनी उंदरांना आठवडेच्या आठवडे पट्ट्यावर पळवलं, तर त्यांच्या स्नायूंतली तंतुकणिकांची श्वसनविकरं दुपटीच्या घरात गेली. कॅप्सूल कुणी दिली नव्हती.

अबोली_क

मला मूळ धाग्यातल्या एका वाक्यावर बोलायचं आहे. "लयकारिका, पेरॉक्सिझोम ही मंडळी नसली तरी भागेल." चौकस, राग नाही, पण मी जनुकीय आजारांच्या समुपदेशनात काम करते आणि हे वाक्य वाचून थबकले.

पेरॉक्सिझोम शाळेच्या आकृतीत बहुतेक वेळा नसतातच. इवले ठिपके. खूप लांब साखळीची मेदाम्लं तोडायची आणि मज्जातंतूंच्या वेष्टणाला लागणारे काही मेद बनवायचे, ही त्यांची कामं. ते तयार करणारं एखादं जनुक दोन्ही प्रतींत बिघडलं तर झेलवेगर सिंड्रोम होतो. बाळ जन्मतःच मलूल असतं, धड दूध ओढत नाही, झटके येतात, यकृत बिघडलेलं असतं. बहुतेक बाळं वर्षाच्या आत जातात. १९७३मध्ये अशा बाळांच्या यकृताच्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तेव्हा लक्षात आलं की पेरॉक्सिझोम दिसतच नाहीत.

आता यातली विचित्र गोष्ट. त्याच बाळाच्या त्वचेच्या पेशी बशीत नीट वाढतात, विभागतात. यीस्टमधूनही पेरॉक्सिझोम घालवले तरी ग्लुकोजवर ते वाढतं. फक्त ओलिक आम्ल खायला दिलं तर उपाशी मरतं. म्हणजे पेशीला विचाराल तर "चालतं". शरीराला विचाराल तर नाही. तुमच्या प्रश्नात "कोणाचं चालतं" हे आधी ठरवा.

चौकस

अबोली, हा भेद माझ्या डोक्यातच नव्हता. प्रश्न विचारताना मी एकट्या सुट्या पेशीचाच विचार करत होतो. लयकारिकांचंही असंच आहे का?

आडवातिडवा

लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या ना? पेशी म्हातारी झाली की त्या फुटतात आणि पेशीला पचवून टाकतात. त्या नसल्या तर पेशी उलट जास्त जगायला हवी.

दुसरी घंटा

पुस्तकातलं ते एक वाक्य लोकांच्या डोक्यातून जाता जात नाही. लयकारिकेच्या आतली आम्लता साधारण ४.५ ते ५ पीएच, बाहेर पेशीद्रव्यात ७.२ च्या आसपास. तिथली विकरं आम्लातच जोमात असतात. एखादी लयकारिका गळली तर बाहेर आल्यावर ती बरीच लुळी पडतात. पेशी ठरवून मरते तेव्हा काम करतात ती वेगळी विकरं, कॅस्पेज. आणि त्यांना जागं करणाऱ्या इशाऱ्यांपैकी एक महत्त्वाचा इशारा येतो कुठून? तंतुकणिकेतून. तिच्यातलं सायटोक्रोम-सी बाहेर पडलं की पुढची साखळी सुरू. १९९६मध्ये शाओडाँग वांग यांच्या प्रयोगशाळेने हे दाखवलं. ऊर्जा देणारीच फासही आवळते. आत्मघाताचा आरोप लयकारिकेवर उगाच.

तिचा शोधही मजेशीर आहे. क्रिस्तियाँ द दूव्ह बेल्जियममध्ये उंदराच्या यकृताचा लगदा करून त्यातल्या विकरांची मोजमापं करत होते. आम्ल फॉस्फेटेज अपेक्षेपेक्षा फारच कमी भरलं. नमुना शीतकपाटात राहिला. काही दिवसांनी पुन्हा मोजलं, तर तेच विकर कितीतरी जास्त. ताज्या नमुन्यात ते कशाच्या तरी आत बंदिस्त होतं आणि ठेवून ठेवून ते आवरण फाटलं, हे त्यांनी ताडलं. १९५५मध्ये त्या अदृश्य पिशवीला नाव दिलं. आधी अनुमान, डोळ्यांनी दिसली ती नंतर.

अबोली_क

@चौकस, लयकारिकांचं उत्तर हो. पण त्यात एक प्रकरण असं आहे की ते मला या धाग्यातलं सगळ्यात जवळचं वाटतं.

लयकारिकेत पन्नासहून अधिक प्रकारची विकरं असतात. त्यातलं एक जरी नसलं तरी त्याने तोडायचा माल साठत जातो आणि पेशी फुगते. पॉम्पे आजारात ग्लायकोजेन साठतं, गोशे आजारात एक मेद. हर्लर आणि हंटर या दोन आजारांत लांब साखळीच्या शर्करा साठतात. १९६८मध्ये एलिझाबेथ न्यूफेल्ड आणि सहकाऱ्यांनी हर्लरच्या रुग्णाच्या पेशी आणि हंटरच्या रुग्णाच्या पेशी एकाच बशीत एकत्र वाढवल्या. दोन्ही सुधारल्या! साठा उतरू लागला. एकीत जे विकर नव्हतं ते दुसरी बाहेर सोडत होती आणि पहिली ते उचलून घेत होती, आणि उलटही.

पुढे कळलं की विकरावर मॅनोज-६-फॉस्फेट नावाची खूण असते. ती पाहून पेशी त्याला लयकारिकेकडे नेते, आतून आलेलं असो की बाहेरून. आज पॉम्पेच्या मुलांना दर दोन आठवड्यांनी शिरेतून विकर देतात ते याच वाटेने आत जातं. हृदयाचे स्नायू चांगले सुधारतात. मेंदूपर्यंत मात्र ते पोचत नाही, रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर ओलांडता येत नाही म्हणून. हर्लरच्या पालकांना हे सांगणं कठीण जातं. "औषध आहे ना, मग मेंदूला का नाही?"

रानजाईंनी सहपेशीचं सांगितलं, तेव्हा मला एका बशीतल्या या दोन रुग्णांच्या पेशी आठवल्या.

रानजाई

अबोली, हे मी वर्गात सांगणार, परवानगी गृहीत धरते.

एक भर. आकृतीतला तारककाय आणि त्यातली सेंट्रिओल, पेशीविभाजनाला अत्यावश्यक म्हणून लिहितो ना? फुलझाडांत ती मुळात नाहीतच आणि त्यांच्या पेशी बिनदिक्कत विभागतात. २००६मध्ये केंब्रिजमध्ये सेंट्रिओल न बनवू शकणाऱ्या फळमाश्या तयार केल्या. माशा वाढल्या, जवळजवळ नेहमीच्या वेळेत कोशातून बाहेरही आल्या! पण त्यांना तोल सावरता येईना आणि लवकर मेल्या. कारण संवेदी चेतापेशींना जे बारीक केस लागतात ते सेंट्रिओलवरच उभे राहतात. आणि हो, भ्रूणाची अगदी पहिली विभाजनं झाली ती आईने अंड्यात भरून दिलेल्या साठ्यावर. म्हणजे इथेही शिदोरी आहेच.

गणितमास्तर

चौकस यांच्या प्रश्नाला दुसऱ्या टोकाकडून भिडलेले लोक आहेत. काढत काढत जायचं आणि कुठे थांबावं लागतं ते बघायचं. क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने २०१६मध्ये एका जिवाणूचा जीनोम छाटत छाटत ४७३ जनुकांवर आणला आणि तो कृत्रिमरीत्या जोडून पेशीत घातला. पेशी जगली, वाढली. अर्थात जिवाणूच तो, त्याला ना केंद्रक ना गॉल्गी. पण त्या ४७३ पैकी १४९ जनुकं नेमकं काय करतात हे तेव्हा त्यांनाच सांगता येत नव्हतं. काढलं की मरते, एवढंच कळलं.

म्हणजे किमान यादीतला जवळपास तिसरा हिस्सा "कार्य लिहा" या प्रश्नात नापास.

चौकस

आता माझी यादी नव्याने मांडतो. केंद्रक: साठा असेल किंवा शेजारी असेल तर काही काळ चालतं. तंतुकणिका: ऊर्जेपुरती बदली मिळते, लोह-गंधकाची बदली मात्र फार थोड्यांनाच जमलेली. पेरॉक्सिझोम, लयकारिका: बशीत चालतं, बाळात नाही. सेंट्रिओल: विभाजनापुरतं चालतं. काहीही झालं तरी हवंच, असं उरलं बाहेरचं पटल. आणि रायबोझोम?

पांथस्थ

रायबोझोम वाढणाऱ्या, विभागणाऱ्या प्रत्येक पेशीत आहेत, अपवाद नाही. ते बंद पडले तर काय होतं ते एरंडाच्या बीतलं रायसिन हे विष दाखवतं. ते रायबोझोमच्या आरएनएमधलं एक, फक्त एक अक्षर (ॲडेनिन) तोडतं. पण रायसिनचा एक रेणू मिनिटाला हजाराहून जास्त रायबोझोम निकामी करतो. पेशीत लाखो असले तरी संपायला किती वेळ लागणार? तांबड्या पेशीला मात्र या कामात रायसिन काही करू शकत नाही. तोडायला आत काही उरलेलंच नाही.

खोडरबर

एवढं सगळं झालं, पण गॉल्गीची बाजू कुणीच घेतली नाही. आकृतीत मी त्याला नेहमी शेवटी उरलेल्या जागेत कोंबायचो. तो काढला तर?

पांथस्थ

त्या बिचाऱ्याचं अस्तित्वच लोकांना मान्य नव्हतं. कामिलो गॉल्गी यांनी १८९८मध्ये चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या घुबडाच्या लहान मेंदूतल्या पेशींमध्ये ती जाळी पाहिली. पुढची पन्नासेक वर्षं अनेक जण म्हणत राहिले की हा रंगवण्यातला दोष आहे, पेशीत असं काही नसतं. १९५०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने वाद मिटवला.

काढून बघायची सोय आहे. ब्रेफेल्डिन-ए नावाचं बुरशीजन्य द्रव्य पेशींवर घातलं की काही मिनिटांत गॉल्गीच्या चकत्या विस्कटतात आणि त्यातला माल आंतर्द्रव्यजालिकेत परत जातो. पेशी लगेच मरत नाही. पण बाहेर पाठवायची प्रथिनं अडकून पडतात आणि असंच चालू ठेवलं तर मरते. ते द्रव्य वेळीच धुऊन टाकलं की तासा-दोन तासांत गॉल्गी पुन्हा उभा. आणि आपल्या पेशी तर दर विभाजनाच्या वेळी स्वतःहून गॉल्गीचे तुकडे करतात, दोघींत वाटतात आणि नंतर जुळवतात.

अबोली यांनी सांगितलेली मॅनोज-६-फॉस्फेटची खूण लागते तीही गॉल्गीतच. ती लावणारं विकर नसलेल्या मुलांत लयकारिकेची विकरं तयार होतात, पण पत्ता नसल्याने रक्तात जातात. लयकारिकेत विकरं नाहीत, रक्तात ढीग.

अबोली_क

हो, आय-सेल आजार. रक्त तपासलं तर विकरं भरपूर दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, मूल निरोगी आहे.

चौकस

म्हणजे गॉल्गीही माझ्या "भागेल" यादीतून बाद. ती यादी संपली. आता रिक्तिका शिल्लक आहे. वनस्पतीवाल्यांनी बोलावं.

रानजाई

पेशीचा ८० ते ९० टक्के भाग व्यापणाऱ्या गोष्टीला "शिल्लक" म्हणताय? वेगळा धागा काढा, रविवारी सवडीने भांडते.

खोडरबर

रुमाल टाकला आहे.